चूलबंद भरती

कंपनीचा बोर्ड नव्यानं रंगवून घ्यावा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढं दीडशे माणसं आमच्या अंगणात उपाशीपोटी येऊन बसली, याला मी जबाबदार आहे असं आमच्या घरात मानतात. मी मानत नाही. (मानतो, पण हळू आवाजात.)

साल अठ्ठ्याऐंशी. कानडी मुलखातल्या जोयड्याला बसस्टँडपासून अर्ध्या मैलावर आमचा लाकडी पेट्यांचा कारखाना होता. आंब्याच्या पेट्या. आंबे दुसऱ्यांचे, कौतुक आंब्यांचं, खिळे तेवढे आमचे. मी तिथं हेडक्लार्क. हेडक्लार्क म्हटलं की हाताखाली दोन-चार क्लार्क असतील असं लोकांना वाटतं आणि मीही ते वाटू देतो. प्रत्यक्षात हेड मीच आणि उरलेले क्लार्कही मीच. शिवाय एक शिपाई, लखू. कुंभारवाड्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

फेब्रुवारीत मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पुंडलिकराव, मार्चपासून आंब्याच्या पेट्यांची मोठी ऑर्डर आहे. बारा माणसं कमी पडतायत. बसस्टँडवर 'पाहिजेत'चा बोर्ड लावून तीन महिने झाले. किती अर्ज आले?"

"एक, सर."

"कुणाचा?"

"माझा. रजेचा."

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा त्यांना माणूस नीट दिसत नाही, त्यामुळं ते वाटेल ते बोलू शकतात. म्हणाले, "एक मार्चला बारा माणसं कामावर दिसली पाहिजेत. नाहीतर दिग्गीच्या लाकूड डेपोत क्लार्कची जागा रिकामीच आहे."

दिग्गी म्हणजे जोयड्यातल्या लोकांनाही लांब वाटणारं गाव. चहूकडं रान. बस नाही. जीप जाते, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. मला रानाची भीती वाटते असं नाही. रानात जे राहतं त्याची वाटते.

घरी येऊन मी अनुसयेला सांगितलं. अनुसया माझी बायको, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. तिनं चार वर्षं अर्ज करकरून गेल्या दिवाळीत आमच्या भाड्याच्या घराच्या दारात नळ आणला होता. त्या नळाला ती रोज चिंचेनं घासायची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिग्गीला तुम्ही जावा. मी आणि नळ हितंच राहणार."

म्हणजे प्रश्न नुसत्या बदलीचा राहिला नाही, संसाराचा झाला. आणि मी कंबर कसली.

जुना बोर्ड मी पहिल्यांदाच नीट वाचला. 'पाहिजेत. कामगार. अर्ज ऑफिसात. विनाकारण चौकशी करू नये.' मीच लिहिला होता. हे वाचून कुणाला यावंसं वाटेल? मला स्वतःला रोज ऑफिसात जावंसं का वाटत नाही, तेही मला त्या दिवशी समजलं. (आता म्हणे कंपन्या हे सगळं कॉम्प्युटरवर करतात. आमच्याकडं नोकरी म्हणजे कसं नंदनवन आहे, आमची माणसं कशी हसतमुख आहेत, फोटोसकट. नवीन काहीही नाही. जोयड्याच्या बसस्टँडवर मी ते अठ्ठ्याऐंशीत केलं.)

रामनगरहून विठ्ठल पेंटरला बोलावलं. मजकूर माझा: 'या! या! या! उज्ज्वल भविष्य! दोन वेळ चहा! रविवारी सुट्टी!' खाली तेच कानडीत. बाजूला एक हसतमुख कामगार, हातात हातोडा. विठ्ठल पेंटरचा हात नाटकांच्या पडद्यांवर बसलेला. त्यामुळं कामगार हसत होता खरा, पण डोळे वटारून, आणि हातोडा त्यानं असा उगारला होता की दांडेलीच्या बसची वाट बघणारी माणसं चार पावलं सरकून उभी राहायची.

आठवड्यात तिघं ऑफिसात आले. एकाला बस का चुकली ते विचारायचं होतं. दुसऱ्यानं चहा मागितला, बोर्डावर दोन वेळ लिहिलाय म्हणाला. तिसरा विठ्ठल पेंटर. त्याचा ब्रश राहिला होता.

मी खचलो नाही. मी खचणाऱ्यातला नव्हेच. मी लखूला विचारलं, "लखू, तुमच्या गावात कामाची गरज असलेली माणसं नाहीत काय?"

"हाईत की."

"मग येत का नाहीत? बोर्ड वाईट आहे?"

"बोर्ड झकास हाय, सायेब. पर बोलिवल्याबगर कोन येतंय?"

"अरे, 'या' म्हणून तीनदा लिहिलंय!"

"लिवलंया. पर ते समद्यास्नी लिवलंया. समद्यास्नी म्हंजे कुनालाच न्हाई." लखू एवढं सलग कधी बोलत नसे. "आमच्यात घरी जाऊन उंबऱ्यावर अक्षत ठेवून आवतण सांगावं लागतंय. तसं सांगितलं की मानूस न्हाई म्हनत न्हाई."

मी हीच गोष्ट मॅनेजरसाहेबांना इंग्रजीत सांगितली, 'पर्सनल काँटॅक्ट' म्हणून, आणि तिथून ती कल्पना माझी झाली. साहेब खूश झाले. त्यांना मी आणखी एक सुधारणा सुचवली. मुलाखती कारखान्यात नकोत, करवतीच्या आवाजानं माणूस बिचकतो. मुलाखती माझ्या घरी घेऊ, रविवारी अकरा वाजता. आपल्या कंपनीत नोकरी करणारा माणूस कसा सुखात राहतो, ते उमेदवारांनी डोळ्यांनी बघू दे.

"कुठला माणूस?" साहेबांनी विचारलं.

"मी, सर."

साहेबांनी पुन्हा चष्मा काढला, पण हरकत घेतली नाही.

लखू शुक्रवारी निघाला. खांद्याला पिशवी, पिशवीत हळदीचे तांदूळ. कुंभारवाड्याच्या आसपासच्या वाड्या तो दोन दिवस पायी फिरणार होता. दारातून वळून त्यानं विचारलं, "सायेब, आवतण कसं सांगू? घरटी एक, का चूलबंद?"

आता मी बेळगाव शहरात वाढलेला. आमच्याकडं छापील कार्ड यायचं, ते आरशाच्या फ्रेममध्ये खोचायचं आणि जायचं विसरायचं. घरटी एक म्हणजे घरातून एक, हे उघड होतं. चूलबंद म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण शिपायाला विचारून हेडक्लार्कनं शिकायचं नसतं. मी विचार केला. 'घरटी एक' कंजूष वाटतं. 'चूलबंद' भारदस्त वाटतं. सीलबंद असतं तसं काहीतरी, पक्क्या बांधिलकीचं.

"चूलबंद!" मी म्हणालो. "कंपनी हात आखडून काही करत नाही."

लखू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. "सायेब, इच्यार केलासा न्हवं?"

"लखू, विचार करायलाच मला पगार मिळतो."

तो गेला. अनुसयेला मी शनिवारी संध्याकाळी जाता जाता सांगितलं की उद्या पंधरा-वीस उमेदवार येतील, चहा टाक. तिनं दूध जास्त सांगून ठेवलं. माझी बायको तशी सहकार्य करणारी आहे.

रविवारी मी ओसरीवर टेबल मांडलं. कोरे फॉर्म, दोन पेनं, घंटी. 'सुखी कर्मचारी' दिसावा म्हणून लग्नातला कोट घातला. (बटणं लागली नाहीत. सुखाचाच पुरावा तो.) साडेनऊला दारात जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरू लागली. मी मोजत होतो. बाविसाव्याला मोजणं सोडलं, कारण बाविसावं माणूस कडेवरचं होतं.

मागोमाग पायी येणाऱ्यांची रांग दिसली. म्हातारे, म्हाताऱ्या, गडी, बायका, लेकरं. नवी लुगडी, धुतलेले पंचे. कुणाच्या डोक्यावर भोपळा, कुणाच्या हातात नारळाची जोडी, कुणाच्या टोपलीत कंद, केळीचा घड, आमसुलं. एक कोंबडासुद्धा होता. सगळ्यांत पुढं वाडीचे वडीलधारे येसाजीबाबा, हातात काठी, कपाळाला अंगारा. मागं त्यांची म्हातारी रुक्माआजी.

मी घंटी वाजवली. "पहिला उमेदवार!"

रुक्माआजी ऐसपैस येऊन समोर बसल्या.

"नाव?"

"रुक्मा."

"पूर्वीचा अनुभव?"

"लई हाय बाबा. अकरा बाळंतपनं केलीया."

"तसा नव्हे. पेटीचं काम. खिळे ठोकता येतात काय?"

आजींनी अनुसयेकडं बघितलं. "कार्य कुनाचं हाय गं? पोरीचं का पोराचं?"

"आम्हाला पोरबाळ न्हाई, आजी," अनुसया म्हणाली.

"मग लखू तर म्हनाला, कंपनीचं कार्य हाय. कुठं बसलीया कंपनी? मी वटी भरायला खण आनलाय."

अनुसयेनं एकदा आजींच्या हातातल्या खणाकडं बघितलं, एकदा अंगणाकडं, आणि मग माझ्याकडं. माझा कोट धरून तिनं मला स्वयंपाकघरात नेलं.

"आवतण कसं सांगितलं होतं ओ?"

"चूलबंद," मी अभिमानानं म्हणालो.

ती पाटावर बसली. "चूलबंद म्हणजे काय, माहीत हाय तुम्हाला?"

"साधारण."

"चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्यापर्यंत. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची न्हाई. ह्या माणसांनी सकाळधरनं काही खाल्लेलं न्हाई. कळालं? लेकरं उपाशी चालत आलीत. तुमच्या जिवावर!"

मी खिडकीतून बघितलं. सगळे शिस्तीत बसले होते. कुणी घाई करत नव्हतं. एक पोर आईला काहीतरी विचारत होतं आणि ती त्याला आमच्या धुराड्याकडं बोट दाखवून समजावत होती. त्या धुराड्यातून धूर येत नव्हता. मला खरोखर लाज वाटली. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत, पण दुसऱ्याच्या लेकराच्या पोटावर गेलेली ती पहिलीच.

"बिस्किटं आहेत," मी म्हणालो आणि फडताळातला ग्लुकोजचा पुडा काढला. "अर्धं अर्धं केलं तर..."

अनुसयेनं पुडा माझ्या हातातून घेतला, परत फडताळात ठेवला आणि पदर खोचला. पुढचे तीन तास मी हेडक्लार्क नव्हतो. मी काय होतो ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

तिनं पाहुण्यांबरोबर परतलेल्या लखूला जवळच्या गोपाळच्या दुकानाकडं पिटाळलं, तांदूळ आणि डाळ आणायला. देवळातली मोठी भांडी मागवली. बायकांना म्हणाली, "अक्का, तुमचाच आहेर तुम्हालाच रांधून घालते, राग धरू नका," आणि भोपळे, कंद, नारळ सगळं चिरायला, खवायला बसवलं. बायका हसत बसल्या. चार जणी रानातून रुंद पानं आणून काड्यांनी पत्रावळी टाचू लागल्या. येसाजीबाबांनी काठीनं रेघ मारली, गड्यांनी त्या रेघेवर चर खणला आणि चूल झाली. मग सरपणाचा प्रश्न आला.

"गोडाऊनची किल्ली द्या," अनुसया म्हणाली.

"अगं, ती कंपनीची मालमत्ता..."

"आवतण कंपनीचं न्हवं?"

मी किल्ली दिली. रद्द झालेल्या पेट्या आणि फळकुटांची एक हातगाडी भरून आली. निम्मं चुलीत गेलं. भात काढायला पराती पुरेनात, तेव्हा येसाजीबाबांनी उरलेल्या फळ्या हातात घेऊन वाकवून बघितल्या, नाकाला लावल्या आणि हाक मारली. सात-आठ गडी बसले. जुने खिळे दगडावर सरळ केले आणि पंधरा मिनिटांत भात वाढायला लांबट, कडेला धरायला खाच असलेली सहा लाकडी ताटं तयार. मी मध्ये मध्ये "शाब्बास" म्हणत होतो. तेवढंच काम मला दिलं होतं.

साडेबाराला मॅनेजरसाहेब आले. फाटकातच थबकले.

"पुंडलिकराव, मुलाखती कुठं आहेत?"

"चालू आहेत, सर."

"आणि हे काय जळतंय?"

"आपलीच पेटी, सर. पण रद्द झालेली."

ते चष्मा काढणार इतक्यात येसाजीबाबांनी त्यांचा हात धरून पंगतीत बसवलं. जेवायला बसलेल्या माणसावर बाबा कुणाला ओरडू देत नव्हते आणि जेवायला बसलेल्याला ओरडूही देत नव्हते. साहेब मुकाट्यानं जेवले. भोपळ्याची भाजी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा भात घेताना त्यांनी लाकडी ताट उचललं, खालून बघितलं, कोपऱ्यावर मूठ आपटली. "हे कुणी ठोकलं?"

मला वाटलं आता बदली नक्की. मी म्हणालो, "मी नाही, सर."

पंगत उठली. हात धुऊन सगळे अंगणात बसले आणि येसाजीबाबा काठी टेकून उभे राहिले.

"सायेब, आमी चुली बंद करून आलाव. तुमचं अन्न खाल्लं. पोट भरलं, जीव थंड झाला. आता सांगा, कार्य कसलं?"

मी टेबलावरचे फॉर्म उचलून उभा राहिलो. भाषण पाठ होतं: उज्ज्वल भविष्य, दोन वेळ चहा. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघून 'उज्ज्वल' हा शब्द काही बाहेर पडेना. शेवटी अनुसयाच पुढं आली.

"मामा, कार्य काही न्हाई. कारखान्याला बारा माणसं पायजेत. न्हाई मिळाली तर ह्यांची बदली दिग्गीला. ह्यांना आवतणातलं कळत न्हाई, विचारलंबी न्हाई, म्हणून चूलबंद सांगून बसले. चूक आमची. एवढ्या लांब उपाशी आलात. पोटात घाला."

येसाजीबाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कोटावर जरा जास्त वेळ थांबले.

"दिग्गीला? हेंला?"

"व्हय."

"हे तितं टिकायचे न्हाईत," बाबा म्हणाले. सगळं अंगण मान डोलवू लागलं. आमच्या अंगणात त्या दिवशी एकमतानं झालेला तो एकमेव ठराव. मग ते साहेबांकडं वळले. "बारा मानसं घ्या. जास्त लागली तरी देतो. बोलिवलं, जेवू घातलं, खरं ते सांगितलं, आनी काय पायजे? पर एक हाय. आमचे गडी पहाटे घर सोडनार. दुपारला गार भात खाऊन हातोडा चालत न्हाई. दुपारचं जेवान गरम पायजे, आनी ते ह्या वैनीच्या देखरेखीखाली."

साहेब अजून ते लाकडी ताट काखेत धरून होते. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. एक मार्चला कारखान्यात सोळा माणसं उभी होती आणि मागच्या शेडमध्ये कँटीनची भिंत चढत होती. कँटीन इनचार्ज: सौ. अनुसया. स्वतंत्र टेबल, स्वतंत्र घंटी. (घंटी माझीच. तिनं नुसती मागितली.)

मी मनातल्या मनात प्रमोशनची वाट बघत होतो. आठवड्यानं साहेबांनी बोलावलं.

"पुंडलिकराव, तुमची बदली रद्द केली आहे."

"थँक्यू सर. माझी कल्पना तशी..."

"वहिनींना इथं ठेवायचं म्हणजे तुम्हालाही ठेवावं लागणार. नाइलाज आहे." मग म्हणाले, "आणि ते आवतणाचं एकदा नियमात बसवा. पुन्हा दीडशे माणसं नकोत."

ते काम मी मनापासून केलं. त्याच दिवशी सर्क्युलर काढलं: 'यापुढे कंपनीची सर्व आवतणे घरटी एक या पद्धतीनेच दिली जातील. चूलबंद आवतण देऊ नये. कोणाचाही अपवाद केला जाणार नाही. सही, हेडक्लार्क.' लखूला दोनदा वाचून दाखवलं, कानडीतूनही समजावलं.

कँटीनचं उद्घाटन पुढच्या सोमवारी ठरलं. त्या दिवशी कारखाना बंद, ऑफिसही बंद, फक्त जेवण. रविवारी सकाळी लखू आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हळदीचे तांदूळ. त्यानं उंबऱ्यावर अक्षत ठेवली, नमस्कार केला आणि म्हणाला, "उद्या दुपारी कँटीनात जेवायला यायचं. घरटी एक."

"येते," अनुसया म्हणाली.

"आणि मी?" मी विचारलं.

लखू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं खिशातून सर्क्युलरची घडी काढली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "सायेब, इच्यार करूनच काढलासा न्हवं?"

सोमवारी अनुसया सकाळी सातलाच नवं लुगडं नेसून गेली. चूल पेटवायचं काही कारणच नव्हतं. दुपारी वाऱ्यावरून भोपळ्याच्या भाजीचा वास येत होता, पंगतीतला हशा ऐकू येत होता आणि त्यात मॅनेजरसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी फडताळ उघडलं. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा तिनं ठेवला होता तिथंच होता. दीडशे माणसांना तो पुरला नसता हे मला आता मान्य आहे. एका माणसाला पुरतो. नळाच्या पाण्याबरोबर.